अतिसंवाहक साधनांचे प्रवेशवाहक : त्यांची रचना व त्यांचे शीतन

अतिसंवाहक तारेचा विद्युत् रोध शून्य असतो, ह्या एका विधानावर अतिसंवाहक केबली, रोहित्रे आणि चुंबक ह्यांच्या काटकसरीचे पुष्कळसे हिशेब उभे केलेले आढळतात. विधान खरे आहे. हिशेब मात्र अपुरे असतात. तार द्रव नायट्रोजनात, म्हणजे ७७ केल्विन तापमानात, बुडालेली असते आणि तिला मिळणारा विद्युत् प्रवाह ३०० केल्विनच्या आपल्या नेहमीच्या जगातून यावयाचा असतो. ह्या दोन जगांना सांधणारा धातूचा दांडा अतिसंवाहक नसतो. साधनाच्या आत जी ऊर्जा वाचली तिच्यापैकी किती पदरात पडावयाची, हे अनेकदा ह्या हातभर लांबीच्या दांड्यावर ठरते.

प्रयोगशाळांतून त्याला 'करंट लीड' किंवा नुसते 'लीड' म्हणतात. प्रस्तुत लेखात त्याकरिता 'प्रवेशवाहक' हा शब्द योजिला आहे. इंग्रजीत त्याच अक्षरांनी लिहिला जाणारा, परंतु 'लेड' असा उच्चारला जाणारा, दुसरा एक शब्द शिसे ह्या धातूचा वाचक आहे. आणि शिसे तर ७.२ केल्विनखाली स्वतःच अतिसंवाहक होते. तेव्हा मूळ शब्द तसाच ठेवण्यात विद्यार्थ्याची थोडी फसगत होण्याचा संभव आहे. 'उच्च तापमान अतिसंवाहक' ह्या संज्ञेतील 'उच्च' हे विशेषणही सापेक्ष अर्थानेच घ्यावयाचे. १९११ साली लायडन येथे कामरलिंग ओनेस ह्यांना पाऱ्याचा रोध ४.२ केल्विनच्या सुमारास एकाएकी नाहीसा होतो असे आढळले. पुढील पाऊणशे वर्षांत ही मर्यादा २३ केल्विनच्या फारशी वर सरकली नाही. १९८६ साली झुरिकजवळील प्रयोगशाळेत बेडनॉर्ट्झ व म्यूलर ह्यांनी तांब्याच्या ऑक्साइडयुक्त मृत्तिकासदृश पदार्थात ३० केल्विनच्या वर अतिसंवाहकता दाखवून दिली. १९८७ साली इट्रियमयुक्त संयुगाने ९३ केल्विन गाठले आणि १९८८ पासून ज्ञात असलेल्या बिस्मथयुक्त संयुगांपैकी एकाने सुमारे ११० केल्विन. उणे १९६ अंश सेल्सिअसला 'उच्च' म्हणावे लागते ते ह्या इतिहासामुळे. द्रव नायट्रोजन स्वस्त व मुबलक असल्याने ह्या पदार्थांपासून मोठ्या अपेक्षा निर्माण झाल्या, हे स्वाभाविकच होय.

आता प्रवेशवाहकातून आत जाणाऱ्या उष्णतेचा विचार करावयाचा. ती दोन वाटांनी येते. दांड्याचे वरचे टोक उष्ण व खालचे शीत असल्यामुळे संवहनाने उष्णता खाली वाहते, ही पहिली वाट. प्रवाहामुळे दांड्याच्या अंगातच उष्णता उत्पन्न होते, ही दुसरी. पहिली कमी करावी म्हणून दांडा बारीक व लांब केला तर त्याचा रोध वाढून दुसरी बळावते. दुसरी कमी करावी म्हणून तो जाड व आखूड केला तर बाहेरची उष्णता मोकळेपणी आत शिरते. मग असा एखादा धातू का शोधू नये, की जो विजेचा उत्तम आणि उष्णतेचा अधम संवाहक असेल? हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी योग्य मार्गावर आहे, पण ह्या मार्गावर निसर्गाने एक अडसर घालून ठेवलेला आहे. १८५३ साली वीडेमान व फ्रान्झ ह्यांनी असे दाखविले की, ठराविक तापमानास निरनिराळ्या धातूंच्या उष्णता-संवाहकतेचे विद्युत्-संवाहकतेशी असलेले गुणोत्तर जवळजवळ सारखेच असते. १८७२ साली लोरेन्झ ह्यांनी हे गुणोत्तर निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढते हेही स्पष्ट केले. धातूत वीज वाहून नेणारे इलेक्ट्रॉनच उष्णताही वाहून नेतात. एकाच मजुराच्या डोक्यावर दोन्ही पाट्या. ह्या प्रमाणाचा स्थिरांक सुमारे २.४५ × १०⁻⁸ वॉट-ओहम प्रतिकेल्विन वर्ग इतका आहे. नियम अगदी निर्दोष नाही, मध्यम शीत तापमानांत त्यापासून थोडे ढळणे दिसते. तथापि प्रवेशवाहकाच्या आराखड्यापुरता तो पुरेसा खरा आहे.

ह्या नियमाचा जो निष्कर्ष मॅकफी ह्यांनी १९५९ साली काढला, तो आजही ह्या विषयाचा पाया मानला जातो. केवळ दोन टोकांनाच उष्णतेची देवघेव होत असलेल्या धातूच्या दांड्यातून शीत टोकाला पोहोचणारी किमान उष्णता ही धातूवर अवलंबून नसते, लांबीवर नसते, काटछेदावरही नसते. ती फक्त प्रवाह आणि दोन टोकांची तापमाने ह्यांवर अवलंबून असते : दोन निरपेक्ष तापमानांच्या वर्गांमधील अंतर घ्यावे, त्याला वरील स्थिरांकाने गुणावे, आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढावे व त्याला प्रवाहाने गुणावे. ३०० पासून ७७ केल्विनपर्यंत हा हिशेब दर हजार अँपिअरला ४५ वॉट येतो. तांबे वापरा, पितळ वापरा, ॲल्युमिनियम वापरा. ४५ वॉटच्या खाली जाता येत नाही. धातूच्या निवडीने बदलते ते एवढेच, की ही किमान मर्यादा कोणत्या आकाराच्या दांड्याने गाठता येईल.

तांब्यासाठी हा आकार काढणे कठीण नाही. प्रवाह व लांबी ह्यांच्या गुणाकाराला काटछेदाने भागले असता येणारी राशी सुमारे ३४ लक्ष अँपिअर प्रतिमीटर असावी लागते. म्हणजे हजार अँपिअरचा आणि अर्धा मीटर लांबीचा दांडा सुमारे १४६ चौरस मिलिमीटर काटछेदाचा हवा. तोच एक मीटर लांब करावयाचा असेल तर काटछेद दुप्पट व तांबे चौपट लागेल. उष्णता मात्र तीच ४५ वॉट. येथे मॅकफींच्या निष्कर्षातील एक अंग विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. अचूक आकाराच्या दांड्यात पूर्ण प्रवाह वाहत असताना वरच्या टोकाशी तापमानाचा उतार शून्य होतो. बाहेरच्या जगातून आत काहीच उष्णता येत नाही; शीत टोकाला पोहोचणारे सर्वच्या सर्व ४५ वॉट दांड्याच्या स्वतःच्या रोधातून जन्मलेले असतात. 'प्रवेशवाहकामुळे बाहेरची उष्णता आत गळते' असे जे सरसकट म्हटले जाते, ते पूर्ण भारावर चालणाऱ्या उत्तम प्रवेशवाहकाविषयी खरे नव्हे.

शीत टोक ७७ ऐवजी ४.२ केल्विनला, म्हणजे द्रव हीलियमच्या तापमानाला नेले, तर ४५ च्या ठिकाणी ४७ वॉट येतात. फरक दोन वॉटांचा. वर्गांच्या वजाबाकीत ३०० चा वर्ग इतका मोठा आहे की, त्यापुढे ७७ चा वर्गही क्षुल्लक ठरतो. ह्यावरून हीलियमचे व नायट्रोजनाचे तापमान सारखेच असा अर्थ काढणे चुकीचे होईल, कारण ही उष्णता बाहेर काढून टाकण्याचे मोल दोन्ही ठिकाणी अत्यंत भिन्न आहे. आदर्श शीतनयंत्राला ७७ केल्विनवरून एक वॉट उचलावयास २.९ वॉट कार्य करावे लागते, ४.२ केल्विनवरून उचलावयास ७० वॉट. प्रत्यक्ष यंत्रे आदर्शाच्या जवळपासही नसतात. नायट्रोजनाच्या तापमानास हा आकडा दहा ते वीस आणि हीलियमच्या तापमानास मोठ्या संयंत्रातसुद्धा दोनशे-अडीचशे असा धरावा लागतो. म्हणजे हजार अँपिअरच्या एका साध्या दांड्यापायी हीलियमच्या बाबतीत दहा किलोवॉटपर्यंत वीज खर्ची पडावयाची. एक दांडा तर पुरत नाहीच. प्रवाहाला आत यावयाला एक व बाहेर पडावयाला एक, असे निदान दोन हवेत.

हीलियमच्या जुन्या चुंबकांत ह्यावर एक सुरेख तोड काढलेली होती. द्रव हीलियमची सुप्त उष्णता फार थोडी, ग्रॅममागे सुमारे २१ ज्यूल. परंतु तेच बाष्प ३०० केल्विनपर्यंत तापेतो ग्रॅममागे सुमारे दीड हजार ज्यूल शोषून घेते. उकळून वर निघालेले बाष्प दांड्याला घासून वर जाऊ दिले, की वाटेतील बहुतेक उष्णता तेच हिरावून नेते आणि ४७ वॉटांचे सुमारे १.१ वॉट होतात. हीच युक्ती नायट्रोजनाला लावू गेल्यास मात्र पदरी निराशा येते. नायट्रोजनाची सुप्त उष्णता ग्रॅममागे सुमारे २०० ज्यूल, व बाष्प तापताना शोषली जाणारी उष्णता त्याहून थोडीच अधिक. तेव्हा ४५ वॉटांचे फार तर पंचवीसच्या आसपास येतात, तेही बाष्प उपलब्ध असेल तर. ज्या साधनांत अतिशीत द्रव नायट्रोजन पंपाने फिरविला जातो आणि तो मुळी उकळूच द्यावयाचा नसतो, तेथे हे बाष्प मिळावे कोठून?

उच्च तापमान अतिसंवाहकांचा पहिला मोठा व निर्विवाद उपयोग झाला तो ह्याच उंबरठ्यावर, आणि तोही कमी तापमानाच्या साधनांसाठी. अतिसंवाहक अवस्थेत वीज वाहून नेणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या उष्णता वाहून नेत नाहीत. म्हणजे दोन पाट्या एकाच मजुराच्या डोक्यावर, ही अट येथे सुटते. प्रवेशवाहकाचा वरचा भाग तांब्याचा ठेवावयाचा व ५० ते ७० केल्विनच्या खालचा भाग मृत्तिकासदृश अतिसंवाहकाचा करावयाचा. खालच्या भागात रोध नाही म्हणून तेथे उष्णता उत्पन्न होत नाही. आणि तो उष्णतेचाही मंद संवाहक आहे म्हणून वरून थोडीच उष्णता झिरपते.

जिनीव्हाजवळील सर्न संस्थेच्या मोठ्या हॅड्रॉन आदळयंत्रात, ज्यात २००८ साली प्रथम कणशलाका फिरविण्यात आली, ही रचना विशाल प्रमाणावर वापरलेली आहे. तेथे ६०० अँपिअरचे ७०८, ६,००० अँपिअरचे २९८ आणि १३,००० अँपिअरचे ६४ असे एक हजारावर प्रवेशवाहक बसविले गेले. त्यांच्या प्रवाहांची बेरीज सुमारे ३० लक्ष अँपिअर भरते. सगळे बाष्पशीतित तांब्याचे केले असते, तर वरील १.१ वॉटच्या हिशेबाने सुमारे ३.३ किलोवॉट उष्णता द्रव हीलियमवर पडून सेकंदाला सुमारे १६० ग्रॅम हीलियम उकळले असते. आणि हे हीलियम आपला सर्व गारवा वाटेतच खर्चून परत येत असल्याने त्याच्या पुनर्द्रवीकरणाचा भार तेवढ्याच शीतनाहून जड. अतिसंवाहक खंड घातल्यामुळे द्रवावर पडणारी उष्णता सुमारे एक दशांशावर आली. तांब्याच्या भागाला २० केल्विनचे हीलियम वायुरूपाने पुरविले जाते व त्याच्या पायथ्याशी, जेथे अतिसंवाहक सुरू होतो तेथे, तापमान ५० केल्विनवर धरून ठेवले जाते.

ह्या खंडाची घडण मनोरंजक आहे. बिस्मथयुक्त संयुगाच्या फिती चांदीच्या आवरणात ओढून तयार करतात. पण शुद्ध चांदी उष्णतेची फारच उत्तम संवाहक; तिच्यातून उष्णता खाली येऊ लागली तर सगळा खटाटोप व्यर्थ. म्हणून तिच्यात वजनाने सुमारे ५ टक्के सोने मिसळतात. दागिन्यात सोन्याला हीण लावले की त्याचा कस उतरतो. येथे चांदीला सोन्याचे 'हीण' लावतात ते तिचा संवाहकतेचा कस उतरावा म्हणूनच. तरीही चांदी अजिबात टाळता येत नाही. शीतन अकस्मात बंद पडून अतिसंवाहकता नष्ट झाली, तर प्रवाहाला क्षणभर तरी दुसरी वाट हवी असते. ह्या यंत्रातील मुख्य चुंबकांच्या मंडलात साठलेली ऊर्जा इतकी मोठी आहे की, प्रवाह बंद करावयास घेतला तरी तो एकतृतीयांशाच्या आसपास उतरण्यास शंभर सेकंदांच्या वर काळ जातो. तेवढा वेळ रोधयुक्त झालेल्या खंडाने जळून न जाता तग धरला पाहिजे. शिवाय ह्या पदार्थांत बिघडलेला भाग आजूबाजूला अत्यंत मंद गतीने पसरतो. त्यामुळे बिघाड एकाच जागी साचतो व बाहेर लवकर कळून येत नाही. चांदी व आधाराचे पोलाद अधिक घातले तर सुरक्षितता वाढते आणि उष्णताही वाढते. आराखडा करणाराची खरी कसोटी ह्या ठिकाणी आहे. ४५ वॉटचे सूत्र तर कोणालाही मांडता येते.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे : साधनच जर उच्च तापमान अतिसंवाहकाचे असेल तर? येथे एक विलक्षण विरोध समोर येतो. ७७ केल्विनला चालणाऱ्या साधनाच्या प्रवेशवाहकात अतिसंवाहक खंड घालावयास जागाच उरत नाही. ज्या पट्ट्यात नियम मोडता येतो तो पट्टा ७७ केल्विनच्या खाली आहे. आणि ३०० ते ७७ ही वरची संपूर्ण उतरण धातूनेच उतरावी लागते. द्रव हीलियमच्या चुंबकाला ह्या नव्या पदार्थाने जे देऊ केले, ते तो स्वतःच्याच साधनाला देऊ शकत नाही. दर हजार अँपिअरला ४५ वॉटची पट्टी तेथे तशीच कायम राहते. २० ते ४० केल्विनला चालणाऱ्या चुंबकांची व चलित्रांची गोष्ट निराळी. तेथे ७७ केल्विनच्या सुमारास एक मधला टप्पा ठेवून त्याखाली अतिसंवाहक खंड घालता येतो, आणि तसे केलेही जाते.

जर्मनीतील एसेन शहरात २०१४ साली एक किलोमीटर लांबीची, १० किलोव्होल्टची, ४० मेगाव्होल्ट-अँपिअर क्षमतेची उच्च तापमान अतिसंवाहक केबल शहराच्या वीजजाळ्यात जोडण्यात आली. तिचा पूर्ण भाराचा प्रवाह दर कलेस सुमारे २,३१० अँपिअर येतो. तीन कला व दोन टोके मिळून सहा प्रवेशवाहक. त्यांची सैद्धान्तिक किमान उष्णता, ७७ केल्विन धरून, सुमारे ६३० वॉट. हा आकडा सूत्रावरून काढलेला आहे, प्रत्यक्ष मोजलेला नव्हे. अशा केबलीच्या निर्वात आवरणातून साधारणपणे दर मीटरला एक-दोन वॉट उष्णता आत येते असे धरले, तर किलोमीटरमागे एक ते दोन किलोवॉट होतात, आणि त्यांच्याशेजारी ६३० वॉट सुसह्य वाटतात. पण केबल शंभरच मीटरची असती तर? आवरणाची उष्णता शंभर-दोनशे वॉटांवर आली असती. प्रवेशवाहकांचे ६३० वॉट तसेच राहिले असते. अतिसंवाहक रोहित्र किंवा दोषप्रवाह-मर्यादक ह्यांची तऱ्हा ह्या आखूड केबलीसारखीच आहे. एखाद्या साधनाच्या काटकसरीचे प्रतिपादन वाचताना प्रवेशवाहकांचा हिशेब त्यात धरला आहे की नाही, हे प्रथम पाहावे.

वीजजाळ्यातील साधनाला आणखीही काही अडचणी असतात. जाळ्यातील भार अहोरात्र पालटतो. पूर्ण प्रवाहासाठी अचूक केलेल्या दांड्यातून प्रवाह मुळीच नसतानाही हजार अँपिअरच्या क्षमतेमागे सुमारे २७ वॉट आत येतच राहतात. म्हणजे पाचांपैकी तीन हिस्से खर्च साधन निजलेले असतानाही चालू. 'असू दे थोडी जास्त जाडी' ह्या समजुतीने दुप्पट क्षमतेचा दांडा बसविणारा अभियंता हा खर्च दुप्पट करतो. दांडा किंचित बारीकच ठेवावा व पूर्ण भाराच्या थोड्या तासांत जास्त उष्णता सोसावी, हा मार्ग पुष्कळ ठिकाणी अधिक शहाणपणाचा ठरेल. मात्र फार बारीक झाल्यास दांड्याचा मधला भाग बाहेरच्या हवेहूनही तापतो, तापला की रोध वाढतो, आणि रोध वाढला की आणखी तापतो. अतिशुद्ध तांब्यापेक्षा किंचित अशुद्ध तांबे येथे पसंत करतात ते ह्याच कारणाने : त्याचा रोध तापमानाबरोबर इतक्या झपाट्याने पालटत नाही. प्रवाह नसताना वरचे टोक गार पडते, ही दुसरी अडचण. दमट हवेत त्यावर दव साचते, दवाचे हिम होते, आणि उच्च दाबाच्या अग्राजवळ ओल ही विद्युत् निरोधनाची वैरी. म्हणून शून्याखाली १९६ अंशांच्या साधनाच्या माथ्यावर उष्णतादायी कुंडल बसविण्याची पाळी येते.

प्रत्यावर्ती प्रवाहाचा एक वेगळाच विशेष आहे. तांबे जसजसे थंड होते तसतसा त्याचा रोध घटतो आणि प्रवाह पृष्ठभागाकडे अधिकाधिक ढकलला जातो. ५० हर्ट्‌झच्या प्रवाहाची तांब्यातील भेदनखोली नेहमीच्या तापमानास ९ मिलिमीटरहून थोडी अधिक असते. ७७ केल्विनला ती सुमारे ३ मिलिमीटर होते. १४६ चौरस मिलिमीटरच्या भरीव गोल दांड्याची त्रिज्या जवळजवळ ७ मिलिमीटर येते, तेव्हा त्याच्या शीत टोकाचा गाभा जवळपास निकामीच. म्हणून तेथे नळी किंवा परस्परांपासून निरोधित केलेल्या बारीक तारांचा जुडगा वापरावा लागतो.

मधल्या टप्प्यावर दांड्याला शीतनयंत्राशी सांधताना नियमाची उलटी बाजू पुढे येते. सांधा उष्णतेला मोकळा हवा आणि विजेला बंद हवा. येथेही बहुतेक निरोधक दोहोंनाही बंद असतात. परंतु ॲल्युमिनियम नायट्राइडसारख्या काही स्फटिकांत उष्णता इलेक्ट्रॉनांऐवजी जालकाच्या कंपनांनी वाहते. अशा स्फटिकाची पातळ चकती तांब्याच्या दोन ठोकळ्यांमध्ये दाबून बसविली की काम भागते. एकूण नियमातून सुटण्याच्या वाटा वीज वा उष्णता ह्यांचा वाहक बदलण्यानेच निघतात. ह्या दृष्टीने तिसरी एक वाट जपानमधील चुबू विद्यापीठाच्या संशोधकांनी चोखाळली आहे. प्रवेशवाहकाच्या उष्ण टोकाशी बिस्मथ टेल्युराइड ह्या अर्धसंवाहकाचा तुकडा बसवावयाचा. पेल्टिए परिणामामुळे वाहणारा प्रवाहच उष्णता बाहेर ढकलू लागतो. ह्या तुकड्याची उष्णता-संवाहकता तांब्याच्या मानाने फारच अल्प असल्याने प्रवाह बंद असतानाची गळतीही घटते, आणि वीजजाळ्यातील साधनाला हा लाभ थोडाथोडका नाही. होक्काइडोतील इशिकारी येथील एकदिश प्रवाहाच्या अतिसंवाहक केबलीत ही रचना वापरण्यात आली. प्रत्यावर्ती प्रवाहाला मात्र तिचा उपयोग नाही. कारण तेथे प्रवाहाची दिशा सेकंदाला शंभरदा उलटते, आणि एका अर्ध्या आवर्तनात बाहेर ढकललेली उष्णता पुढच्या अर्ध्या आवर्तनात आत ओढली जाते.